राउटरच्या फाइलीतून पासवर्ड काढला, मग उरलं काय?



पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर पहिलं काम हाती येतं ते शोधनिबंध वाचायचं. आणि बहुतेक जण काय करतात, तर दहा निबंधांचे दहा सारांश एकाखाली एक लिहितात आणि त्याला 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणतात. सारांश लिहिणं वाईट नाही, पण ती चिकित्सा नव्हे. लेखक काय म्हणतो ते सारांशात येतं. त्याने ते सिद्ध केलं आहे का, किती केलं आहे आणि कुठे नुसतं म्हटलं आहे, हे चिकित्सेत आलं पाहिजे. आज एकच निबंध घेऊन हे करून बघू.

निबंध आहे २००४ सालचा, 'इंटरनेट मेजरमेंट कॉन्फरन्स' या परिषदेतला. नाव जरा लांब आहे: 'स्ट्रक्चर प्रिझर्व्हिंग ॲनॉनिमायझेशन ऑफ राउटर कॉन्फिगरेशन डेटा'. सोप्या मराठीत सांगायचं तर, राउटरच्या सेटिंगच्या फाइलींमधली ओळख पुसायची, पण रचना तशीच ठेवायची. डेव्हिड माल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आहे.

इतका जुना निबंध का घेतला? कारण ज्या प्रश्नापासून तो सुरू होतो, तो आजही तसाच समोर आहे. नेटवर्कमधलं एखादं उपकरण बिघडलं, की त्यातून माहिती काढून कुणाला तरी द्यावी लागते. कधी कंपनीच्या सपोर्ट इंजिनिअरला, कधी सल्लागाराला, कधी संशोधकाला. न दिली तर दुरुस्ती होत नाही, संशोधनही होत नाही. दिली तर आपल्या घराचा नकाशा परक्याच्या हातात जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. हा निबंध फाइल 'उपयोगी राहिली का' हे मोजून दाखवतो, पण फाइल 'सुरक्षित झाली का' हे मोजत नाही, त्याबद्दल युक्तिवाद करतो. या दोन गोष्टी एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

फाइलीत असतं तरी काय?

ज्यांनी राउटर फक्त प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लुकलुकताना पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

प्रत्येक राउटर किंवा स्विचमध्ये एक कॉन्फिगरेशन फाइल असते. कुठल्या पोर्टला कुठला आयपी ॲड्रेस आहे, कुणाला आत येऊ द्यायचं, कुणाला अडवायचं, बाहेरच्या कुठल्या नेटवर्कशी जोडणी आहे, हे सगळं त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. बिघाड शोधायचा तर एवढ्याने भागत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनीने 'सगळं एकदम काढा' अशी एक आज्ञा दिलेली असते. सिस्कोच्या उपकरणांत ती 'शो टेक-सपोर्ट', ज्युनिपरमध्ये 'रिक्वेस्ट सपोर्ट इन्फर्मेशन', मिक्रोटिकमध्ये 'सप-आउटपुट'. या आज्ञेतून जे बाहेर येतं त्यात कॉन्फिगरेशनबरोबर मेमरीची आणि प्रोसेसरची स्थिती, लॉग आणि उपकरणानुसार आणखी बरंच काही असतं. हजारो ओळींची फाइल सहज होते.

आता सिस्कोची 'शो टेक-सपोर्ट' पासवर्ड तसेच्या तसे बाहेर टाकत नाही. तिथे 'रिमूव्ड' असा शिक्का येतो. मुद्दाम वेगळा पर्याय दिला तरच पासवर्ड दिसतात. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमजही तयार होतो.

आमच्या विभागाचं नेटवर्क सांभाळणारे एक दादा आहेत. मध्यंतरी एक स्विच दर दोन-तीन दिवसांनी आपणहून रिस्टार्ट व्हायला लागला. पुरवठादाराच्या माणसाने फोनवर सांगितलं, "पूर्ण फाइल काढा आणि माझ्या व्हॉट्सॲपवर टाका." मी म्हटलं, "दादा, अशी कशी टाकायची?" तर ते म्हणाले, "मॅडम, पासवर्ड तर निघूनच जातात ना? मग बाकी काय आहे त्यात?"

दादांचा प्रश्न साधा आहे आणि अगदी नेमका आहे. पासवर्ड वजा केल्यावर बाकी काय उरतं? माल्ट्झ यांच्या निबंधाचा विषय नेमका तोच आहे.

निबंधाची युक्ती

पासवर्ड लपवणाऱ्या साधनांची पद्धत अशी असते: धोकादायक गोष्टींची यादी करा आणि त्या खोडा. माल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी हे उलटं केलं. धोकादायक काय आहे ते शोधत बसू नका, निरुपद्रवी काय आहे त्याची यादी करा. त्या यादीत जो शब्द नाही, तो सरळ हॅश करून टाका. हॅश म्हणजे शब्दाच्या जागी ठरावीक गणिती पद्धतीने काढलेली अक्षरांची एक निरर्थक दिसणारी माळ. तोच शब्द दुसरीकडे आला तर तीच माळ येते, म्हणून 'इथलं आणि तिथलं नाव एकच आहे' हा संबंध टिकून राहतो.

निरुपद्रवी शब्दांची यादी आणायची कुठून? सिस्कोच्या आज्ञांच्या माहितीपुस्तिका तर सार्वजनिकच आहेत. त्यातले शब्द म्हणजे भाषेचे शब्द, कुणाच्या घरचे नव्हेत. त्यांनी ते तिथून गोळा केले. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यामागे एक प्रामाणिकपणा आहे. त्यांना सिस्कोच्या आज्ञाभाषेच्या २०० हून जास्त आवृत्त्या हाताळायच्या होत्या. प्रत्येक आवृत्तीत कुठे काय लपलेलं असेल हे आपल्याला कळणार नाही, हे त्यांनी आधीच मान्य केलं. अशा वेळी चूक झालीच तर ती जास्त लपवण्याच्या बाजूने व्हावी.

आयपी ॲड्रेसचं काय? ते सरसकट हॅश केले तर फाइल निकामी होते, कारण ॲड्रेसच्या सुरुवातीच्या बिटांवरूनच कोण कुणाच्या शेजारी आहे हे ठरतं. म्हणून 'प्रिफिक्स राखणारी' पद्धत वापरली. दोन खऱ्या ॲड्रेसचे पहिले २४ बिट सारखे असतील, तर बदललेल्या ॲड्रेसचेही पहिले २४ बिट सारखेच राहतात. गल्लीचं नाव बदललं, पण शेजारी शेजारीच राहिले. या पद्धतीचं एक प्रसिद्ध रूप म्हणजे २००२ मधलं 'क्रिप्टो-पॅन'.

सगळ्यात अवघड जागा होती एएस क्रमांकांची. इंटरनेटवरच्या प्रत्येक मोठ्या नेटवर्कला असा एक क्रमांक असतो आणि कॉन्फिगरेशनमध्ये तो कधीकधी नुसता न येता नमुन्याच्या, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, रूपात येतो. 'या या आकड्यांनी सुरू होणारे सगळे' अशा स्वरूपात. आता आकडे बदलले तर नमुना बदलणार कसा? उत्तर असं: त्या काळी एएस क्रमांक १६ बिटांचे होते, म्हणजे एकूण ६५,५३६. तेव्हा सगळे क्रमांक नमुन्यावर घासून बघा, जे जुळतील त्यांना नवे क्रमांक द्या आणि त्या नव्या क्रमांकांची यादी नमुन्याच्या जागी लिहा. कारागिराला सुचावी तशी युक्ती आहे ही.

या जोरावर त्यांना ३१ नेटवर्कमधल्या ७,६०० हून अधिक राउटरच्या फाइली संशोधनासाठी मिळाल्या. ज्या फाइली कुणी कुणाला दाखवत नाही, त्या फाइली. एका शोधनिबंधाने एवढं साधणं ही लहान गोष्ट नाही.

पहिला आक्षेप: शब्द निरुपद्रवी, वाक्य नव्हे

निरुपद्रवी शब्दांच्या यादीत एक अडचण आहे. शब्द एकेकटा पाहिला तर साधा असतो, पण दोन शेजारी आले की नाव होतं. 'लेव्हल' हा आज्ञेतला नेहमीचा शब्द आणि ३ हा नुसता आकडा. पण वर्णनाच्या ओळीत 'लेव्हल ३' असं आलं, तर ते एका मोठ्या दूरसंचार कंपनीचं नाव होतं. म्हणून निबंधात शेरे आणि वर्णनं मुळातूनच काढून टाकली आहेत. हे योग्यच आहे.

पण हाच उपाय दुरुस्तीच्या कामाला लावून बघा. सपोर्ट इंजिनिअरला 'हे पोर्ट कशाचं आहे' हे वर्णनाच्या ओळीवरूनच कळतं. म्हणजे संशोधकासाठी ज्या ओळी कचरा, त्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी मुद्द्याच्या. फाइल 'स्वच्छ' आहे की नाही, हे ती कुणाच्या हातात आणि कशासाठी जाणार यावर ठरतं. निबंध फक्त संशोधकाचा विचार करतो. तेवढी मर्यादा त्याला मान्य असावी, पण आपण ती पद्धत उचलताना हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप: हॅश म्हणजे कुलूप नव्हे

हा आक्षेप निबंधापेक्षा तो वाचून घाईने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांवर आहे. 'आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस हॅश केले आहेत, त्यामुळे डेटा निनावी आहे' हे वाक्य प्रबंधांत आणि प्रकल्प-अहवालांत सर्रास दिसतं. गणित करून बघा.

आयपीव्ही४ ॲड्रेस ३२ बिटांचा. एकूण शक्यता ४,२९,४९,६७,२९६. समजा तुमचा लॅपटॉप सेकंदाला १० लाख हॅश काढतो. सगळ्या शक्यता संपवायला साधारण ४,२९५ सेकंद लागतील, म्हणजे सव्वा तासाच्या आत. एकदा तक्ता तयार झाला, की कुठल्याही हॅशवरून मूळ ॲड्रेस वाचता येतो.

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण त्याचे पहिले २४ बिट सहसा उत्पादक कंपनी दाखवतात. कंपनी माहीत असेल तर उरल्या २४ बिटांच्या १,६७,७७,२१६ शक्यता. त्याच वेगाने १७ सेकंद.

हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं आहे. पण शक्यताच मोजक्या असतील तर उलटा फिरवायची गरजच पडत नाही, सगळ्या करून बघता येतात. म्हणून हॅशमध्ये एक गुप्त किल्ली मिसळावी लागते आणि ती किल्ली फाइलीच्या मालकाकडेच राहावी लागते. कुणाच्याही कामात 'आम्ही हॅश केला' असं वाचलं, की लगेच विचारा: किल्ली होती का? कुणाकडे होती? काम झाल्यावर तिचं काय केलं?

तिसरा आक्षेप: जी रचना राखली, तीच ओळख

आता मुख्य मुद्दा. निबंधाच्या नावातच 'रचना राखून' असं आहे. पण रचना हीच ओळख असेल तर?

एक उदाहरण घेऊ. प्रिफिक्स राखणाऱ्या पद्धतीने बदललेल्या फाइलीत एक ॲड्रेस मला ओळखता आला असं समजा. संस्थेचा मेल सर्व्हर म्हणा, त्याचा खरा ॲड्रेस तर सार्वजनिकच असतो. आता बदललेल्या फाइलीतला दुसरा एखादा ॲड्रेस त्याच्याशी नेमके २४ बिट जुळतो. मग त्या दुसऱ्याच्या खऱ्या ॲड्रेसचे पहिले २४ बिट मला कळले. पंचविसावा बिटही कळला, कारण तिथे दोन्ही वेगळे झाले, म्हणजे तो पहिल्याच्या उलटा असणार. उरले फक्त ७ बिट, म्हणजे १२८ शक्यता. एक दुवा हाताला लागला आणि सव्वाचारशे कोटींचे सव्वाशे राहिले. पद्धतीत काही चूक झाली म्हणून हे घडलं नाही. पद्धत नीट चालली म्हणून घडलं.

ॲड्रेस बाजूला ठेवले तरी आकार उरतोच. एखाद्या नेटवर्कमध्ये कुठल्या मापाचे किती सबनेट आहेत, कुठल्या राउटरला बाहेरची किती नेटवर्कं जोडली आहेत, ही संख्यांची यादी एखाद्याच्या बोटाच्या ठशासारखी वेगळी असू शकते. आणि जुळवून पाहायला दुसरी बाजू सार्वजनिक आहे. ओरेगन विद्यापीठाचा 'राउट व्ह्यूज' प्रकल्प इंटरनेटच्या मार्गांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून सगळ्यांना खुली देतो.

लेखकांना हे माहीत नव्हतं का? होतं. निबंधात अशा ठशांच्या धोक्याची चर्चा आहे आणि ती प्रामाणिक आहे. माझा आक्षेप चर्चा नाही असा नाही, मोजमाप नाही असा आहे. फाइल उपयोगी राहिली का हे तपासताना त्यांनी मूळ आणि बदललेल्या फाइलींवर तेच विश्लेषण चालवून निकाल ताडून पाहिले. मग ओळख पटते का हे तपासताना तसाच प्रयोग का नाही? ३१ नेटवर्कं हाताशी होती. एखाद्या सहकाऱ्याला ती बदललेली ३१ आणि सार्वजनिक माहिती देऊन 'जोड्या लाव' म्हणता आलं असतं. ३१ पैकी दोन जुळली असती की वीस, यावर निबंधाचा सगळा निष्कर्ष अवलंबून आहे.

त्याऐवजी निबंध सांगतो की एका मोठ्या दूरसंचार कंपनीकडून ही पद्धत पडताळून घेतली आणि फाइली मिळाल्या. कंपनीने फाइली दिल्या ही गोष्ट खरी आणि मोलाची आहे. पण ती विश्वासाबद्दल सांगते. हल्ला करणारा काय करू शकतो, याबद्दल ती काहीच सांगत नाही. परवानगी मिळणं हा पुरावा नव्हे, हे तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढे काय झालं ते पाहिलं की हा आक्षेप नुसता किस काढणं नाही हे पटेल. २००६ मध्ये पँग, ऑलमन, पॅक्सन आणि ली यांनी नेटवर्कमधल्या पॅकेटच्या नोंदी निनावी करून प्रसिद्ध करताना काय काय अडचणी येतात यावर निबंध लिहिला. त्याच्या नावात त्यांनी 'डेव्हिल' म्हणजे सैतान आणला होता, कारण खरी गोम बारीकसारीक तपशिलात असते. लगेच २००७ मध्ये कूल आणि सहकाऱ्यांनी 'प्लेइंग डेव्हिल्स ॲडव्होकेट' या नावाने उत्तर दिलं. निनावी केलेल्या नोंदी आणि सार्वजनिक माहिती एकत्र ठेवून नेटवर्कची रचना आणि काही सर्व्हरची ओळख काढता येते, हे त्यांनी करून दाखवलं. २००४च्या निबंधात जी परीक्षा घेतली गेली नव्हती, ती तीन वर्षांनी पॅकेटच्या नोंदींवर दुसऱ्या कुणीतरी घेतली.

चौथा आक्षेप: फाइल धुतली, पण ती गेली कुठे?

निबंधाचं लक्ष फाइलीवर आहे. फाइलीच्या प्रवासावर फारसं नाही. आणि अलीकडचा मोठा धडा प्रवासातलाच आहे.

२०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या ग्राहक-सपोर्ट यंत्रणेत हल्लेखोर शिरले. २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर या काळात १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत ते पोहोचले, असं कंपनीने नंतर जाहीर केलं. त्यातल्या काही फाइली 'एचएआर' प्रकारच्या होत्या. अडचण शोधण्यासाठी ग्राहक आपल्या ब्राउझरमधल्या नेटवर्क व्यवहाराची जी नोंद काढून पाठवतात, ती ही फाइल. तिच्यात लॉगिन झाल्यावर मिळणारे टोकन होते. ते वापरून ५ ग्राहकांची चालू सत्रं बळकावली गेली.

इथे राउटर नाही हे मान्य. पण साखळी तीच आहे: बिघाड, नोंद, पाठवणी, साठवण. ग्राहकांनी सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. फाइल योग्य कंपनीकडे, योग्य मार्गाने गेली होती. गळती झाली ती पोहोचल्यानंतर, साठवणीच्या जागी. फाइल काम झाल्यावर पुसली गेली असती आणि टोकन पाठवण्याआधीच रद्द झालं असतं, तर चोराच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

याच संदर्भात आणखी एक उदाहरण लोक फार आवडीने देतात, म्हणून सावध करते. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक सही करण्याची किल्ली चोरांच्या हाती लागली. ती बंद पडलेल्या प्रणालीच्या मेमरीच्या प्रतीतून, म्हणजे क्रॅश डंपमधून, बाहेर गेली असावी असं कंपनीने सप्टेंबरमध्ये सांगितलं. मुद्दा माझ्या बाजूचा आहे. पण मार्च २०२४ मध्ये कंपनीनेच दुरुस्ती केली, की किल्ली असलेला असा कुठलाही डंप सापडलेला नाही. म्हणून हे उदाहरण मी पुरावा म्हणून वापरत नाही. आपल्या बाजूचं उदाहरण दिसलं की ते दुप्पट तपासायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या.

पाचवा आक्षेप: काळाचा

हा आक्षेप जरा हळू हाताने घ्यायचा, कारण २००४च्या लेखकांनी पुढचं बघायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. पण आज वापरायचं तर काही गोष्टी बदलल्या आहेत. २००७ पासून एएस क्रमांक ३२ बिटांचे करण्याची सोय झाली. ६५,५३६ क्रमांक एकेक करून घासणं सोपं होतं, ४२९ कोटी घासणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय आजच्या निदान-फाइली नुसत्या ओळींच्या राहिल्या नाहीत. त्यात दाबून बांधलेले लॉग आणि मेमरीच्या प्रतीही असू शकतात. मेमरीच्या प्रतीत 'शब्द' नसतातच, तर निरुपद्रवी शब्दांची यादी तिथे लावणार कशी? अशी फाइल स्वच्छ करता येते असं समजूच नये. ती द्यायची की नाही, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

मग करायचं काय?

आधी दादांच्या प्रश्नाचं उत्तर. पासवर्ड काढल्यावर बाकी उरतो तो नेटवर्कचा नकाशा: आतले ॲड्रेस, उपकरणांची नावं, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कुणाला अडवलं आहे आणि कुणाला सोडलं आहे याचे नियम. दार कुठे आहे आणि कुठलं दार जुनं झालं आहे, हे त्यातून कळतं.

म्हणून सपोर्टला फाइल देताना: जेवढं विचारलं आहे तेवढ्याच आज्ञांचं आउटपुट द्या, 'सगळं एकदम' नको. फाइल कंपनीच्या अधिकृत केसमध्येच चढवा, कुणाच्या वैयक्तिक फोनवर नको. शक्य असेल तर घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करा. फाइल कधी पुसणार हे लेखी विचारा. आणि जी गुपितं चुकून गेली असण्याची शंका आहे, ती बदलून टाका. सिस्कोच्या जुन्या 'टाइप ७' पासवर्डबद्दल विशेष सांगते: तो गूढ दिसतो, पण क्षणात उलगडतो. तो फाइलीत दिसला तर उघडा पासवर्डच दिसला असं धरा.

आणि संशोधक म्हणून फाइल मागताना? इथे निबंधातलीच एक गोष्ट पुढे नेता येते. लेखकांनी 'सिंगल-ब्लाइंड' व्यवस्था सुचवली होती: संशोधकाला मालक कोण ते कळू नये, पण मालकाला संशोधक माहीत असावा. मी एक पायरी पुढे जाईन. डेटा मागण्याऐवजी प्रश्न पाठवा. तुमचा विश्लेषणाचा प्रोग्रॅम मालकाकडे द्या, तो त्याच्या यंत्रावर चालू दे, आणि फक्त उत्तर, म्हणजे आकडे आणि तक्ते, बाहेर येऊ दे. यात तोटा आहे: दुसरा संशोधक तोच डेटा घेऊन तुमचं काम पडताळू शकत नाही. आकडेही फार बारीक असतील तर तेच पुन्हा ठसा होतात. पण निदान हा सौदा उघड आहे. काय मिळालं आणि काय सोडलं, हे दोन्ही बाजूंना दिसतं.

आपल्याकडे हा प्रश्न यापुढे वाढणारच आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. म्हणजे डेटा साठणार. साठला की एखादा विद्यार्थी येऊन म्हणणार, 'सर, प्रोजेक्टसाठी थोडा द्याल का?' त्या वेळी देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे 'नावं काढून देतो' यापेक्षा बरं उत्तर असायला हवं.

माल्ट्झ यांचा निबंध तरीही वाचाच, असं मी म्हणेन. निरुपद्रवी शब्दांच्या यादीची कल्पना आजही टिकते, आणि अडचणी न लपवता मांडायची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. वाचताना एक काम करा. वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला लेखकांनी केलेला प्रत्येक दावा लिहा, उजव्या बाजूला त्याचा आधार: मोजलं, युक्तिवाद केला, की कुणाच्या तरी संमतीवर सोडलं. मग तोच कागद तुमच्या स्वतःच्या संशोधन-आराखड्याला लावा. 'डेटा निनावी केला जाईल' हे वाक्य तुमच्याही आराखड्यात असणारच. त्याच्यासमोर उजव्या बाजूला तुम्ही काय लिहाल, ते गाइडकडे जाण्याआधी ठरवा.